शाळेच्या आवारातील खार

शाळेच्या बागेत भुईमूग टोकावा आणि दुसऱ्या दिवशी वाफे उकरलेले आढळावेत, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांना येतो. मग मुलांच्या हाती गलोली येतात व खारीस शासन होते. तत्पूर्वी तिची प्रकृती समजून घेणे इष्ट होय.

महाराष्ट्रात घराजवळ पाठीवर तीन पट्ट्यांची व पाच पट्ट्यांची अशा दोन जातींच्या खारी दिसतात. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात. कठीण पदार्थ कुरतडून ते झिजले नाहीत, तर तिला खाणेच अशक्य होईल. फळे व बिया हे तिचे मुख्य अन्न. परंतु कीटकही तिला वर्ज्य नाहीत. काटेसावरीच्या फुलांतील मध चाखताना तिच्या तोंडास पराग लागतात व ते दुसऱ्या फुलांवर जातात, हे तर मुलांना मुद्दाम दाखविण्याजोगे आहे.

कौलांखाली कापूस, काथ्या, चिंध्या यांचे घरटे सापडल्यास ते तत्काळ काढू नये. आत बहुधा दोन-तीन पिल्ले असतात. ती जन्मतः आंधळी व केसहीन असून आईवाचून क्वचितच जगतात. ती हिंडू लागून घरटे रिकामे झाल्याची खात्री करावी, मगच भोक बुजवावे. बियाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. रोपे वर येईपर्यंत वाफ्यांवर बोरीच्या काट्या पसराव्यात. एवढे करूनही थोडे बी जाणारच. तेवढे अधिक टोकावे.

खार मुलांनी हाती धरू नये. चावल्यास जखम साबण व पाण्याने धुऊन मुलास आरोग्य केंद्रात न्यावे. वाफ्यांची नोंद मुलांकडून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ठेवविल्यास उंदीर व कावळे यांचाही वाटा पुष्कळदा उघडकीस येतो.