विश्लेषण : ‘थ्री नॉट थ्री’ टिकली, पण काडतुसे कुठून आणायची?

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीला निरोप दिला. मुंबईत २६/११च्या रात्री सीएसटी स्थानकावरील पोलिसांच्या हाती हीच रायफल होती आणि त्यानंतर तिच्यावर बरीच टीका झाली. पण अमेरिका आणि कॅनडात लष्कराने मोडीत काढलेल्या या रायफली हौशी नेमबाज व शिकारी आजही वापरतात. लाकूड आणि पोलादाचे हे हत्यार नीट जपले तर शंभर वर्षे चालते. अडते ते काडतुसांवर. जुन्या साठ्यातले काडतूस मिळाले, तर त्याच्या बुडावर कधी कधी ‘केएफ’ अशी अक्षरे दिसतात. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना!

टंचाई का झाली?

.३०३ काडतूस ब्रिटिश लष्कराने १८८८च्या सुमारास स्वीकारले. ते झाडणाऱ्या ली-एनफिल्ड रायफली सुमारे १ कोटी ७० लाख बनल्या असे मानले जाते. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही त्या बनत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करे ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाकडे वळली आणि जुन्या रायफली ‘सरप्लस’ म्हणून विकल्या गेल्या. सोबत काडतुसांच्या पेट्याच्या पेट्या स्वस्तात मिळत. लष्करांनी उत्पादन थांबवल्यावर हा साठा उडवून संपत आला. आता सर्बियातील प्रवी पार्टिझान, चेक प्रजासत्ताकातील सेलिए अँड बेलो अशा मोजक्या कंपन्यांचा नवा माल मिळतो. तो चांगला असतो, पण दर आठवड्याला सराव करणाऱ्याच्या खिशाला परवडणारा नसतो.

खरेदीआधी रायफलीवरचा शिक्का वाचावा लागतो. १९६२च्या युद्धानंतर ईशापूरने याच बांध्याची, पण ७.६२ मिलिमीटर काडतूस झाडणारी रायफल बनवली. काही जुन्या रायफलींची नळी बदलून त्यांच्या .४१० बोरच्या मस्केटही केल्या गेल्या. तिन्ही दुरून जवळपास सारख्याच दिसतात. चुकीचे काडतूस भरले तर मात्र जीवावर बेतू शकते.

जुना साठा वापरता येतो का?

येतो, पण त्याची किंमत रायफल मोजते. जुन्या लष्करी काडतुसाच्या टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. हा मिठाचाच भाऊबंद. तो नळीत चिकटतो, हवेतील ओल ओढतो आणि गंज धरतो. तेलाने तो निघत नाही. आधी गरम पाणी लागते. हे माहीत नसल्याने कित्येक चांगल्या नळ्या आतून खरवडल्यासारख्या झाल्या आहेत.

दुसरा धोका उशिरा उडणाऱ्या बाराचा. चाप ओढला, टक् असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. क्षणभराने बार उडतो! खडकीच्या आणि पाकिस्तानी बनावटीच्या जुन्या काडतुसांची या बाबतीत संग्राहकांत चांगलीच ख्याती आहे. यात कारखान्याच्या कामापेक्षा काडतुसाचे वय आणि साठवणीतली उष्णता यांचा वाटा मोठा असावा. अशा वेळी बोल्ट लगेच उघडायचा नाही, नळी निशाण्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे, हा नियम नेमबाजीच्या मैदानावर पहिल्याच दिवशी शिकवला जातो.

काही जुन्या काडतुसांत भुकटीऐवजी कॉर्डाइट असते. दिसायला शेवयांची जुडीच. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडी व्हॅसलिन यांचे हे मिश्रण. गंमत म्हणजे पुंगळीचे तोंड अरुंद करण्याआधीच ही जुडी आत बसवत, कारण नंतर ती जातच नसे.

रिलोडिंग म्हणजे नेमके काय?

काडतुसाचे चार भाग : पितळी पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. पुंगळी सोडून बाकी सारे एका बारात खर्ची पडते. पुंगळी पुन्हा आकारात आणून नवी टोपी, दारू आणि गोळी बसवणे म्हणजे रिलोडिंग. अमेरिकेत हा घरगुती छंद आहे आणि त्यासाठी हातयंत्रे, दारूच्या मापांची छापील पुस्तके सहज मिळतात.

मात्र प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येत नाही. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत बुडाशी मधोमध एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून जुनी टोपी बाहेर ढकलता येते. बर्डन पद्धतीत दोन बारीक छिद्रे बाजूला असतात, तिथे ही साधी युक्ती चालत नाही. यातला बर्डन अमेरिकी आणि बॉक्सर ब्रिटिश. तरी अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि ब्रिटिश लष्करी काडतुसांत बर्डनची रुजली! म्हणूनच खडकीची जुनी पुंगळी रिलोडिंग करणाऱ्याच्या फारशी कामाची नसते. तो नव्या कंपन्यांच्या बॉक्सर पुंगळ्या जमवतो आणि मैदानावर वाकून एकेक वेचतो.

गोळीच्या मापातही फसगत होते. नाव .३०३ असले तरी गोळीचा व्यास ०.३११ ते ०.३१२ इंच लागतो. ०.३०८ इंचाची सर्वत्र मिळणारी गोळी या नळीत सैल पडते आणि नेम भरकटतो.

खरी परीक्षा पुंगळीची. चिखलातही चालावे म्हणून लष्करी रायफलीचे चेंबर ऐसपैस ठेवलेले असे. त्यात ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे बार उडताना थोडा ताण पडतो. परिणामी पितळ दरवेळी लांबते आणि बुडाच्या थोडे वर पातळ होत जाते. शेवटी पुंगळीचे दोन तुकडे होतात आणि तप्त वायू मागे येऊ शकतो. म्हणून जाणकार वाकवलेली बारीक तार आत घालून भिंत चाचपतात. टोकाला खाच लागली की पुंगळी भंगारात. ते पूर्ण पुंगळी न दाबता फक्त मानेचा आकार दुरुस्त करतात आणि एका रायफलीची पुंगळी दुसरीत वापरत नाहीत. अनोळखी माणसाने भरलेली काडतुसे तर कितीही स्वस्त असली तरी घेत नाहीत.

भारतात हे चालते का?

नाही. .३०३ हा आपल्याकडे ‘प्रतिबंधित बोर’ आहे. सामान्य परवानाधारकाला ही रायफल मिळत नाही. लष्करी काडतुसे नागरिकांच्या बंदुकीत चालू नयेत, म्हणून ब्रिटिशांच्या काळातच .३१५ हा वेगळा बोर आणला गेला. शेती किंवा स्वसंरक्षणाच्या परवान्यावर आजही तीच रायफल दिसते आणि तिची काडतुसे खडकीतच बनतात. परवान्याशिवाय काडतूस बनवणे शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे.

घरातल्या जुन्या पेटीत आजोबांच्या लष्करी नोकरीची आठवण म्हणून एखादे जिवंत काडतूस निघते, तेव्हाही हाच कायदा लागू होतो. विमानतळावर बॅगेत असे काडतूस सापडून गुन्हा नोंदल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ते जवळ असल्याची जाणीव होती का, हे न्यायालय पाहते. पण तोवर धावपळ चुकत नाही. टोपीवर सुईचा खळगा नसेल तर ते जिवंत समजावे. खळगा असूनही गोळी जागेवर असेल तरी तेच. उघडू नये, ठोकू नये, प्रवासात सोबत नेऊ नये. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून ते जमा करावे आणि त्याची पोच घ्यावी.