कुकडीचे पाणी आणि संघराज्याची न्यायालये

अमेरिकेचे संघराज्य समजावून घ्यावयाचे तर तेथील न्यायालयांच्या दोन उतरंडी प्रथम ध्यानात घ्याव्या लागतात. राज्याच्या कायद्याखालील बहुतेक खटले राज्याच्या न्यायालयात चालतात. केंद्रीय कायद्याचे खटले ९४ जिल्हा न्यायालये, १३ अपील न्यायालये आणि नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय या संघीय शिडीने वर जातात. आपल्या घटनाकारांनी हा दुहेरी व्याप टाळला. न वटलेल्या धनादेशाचा खटला केंद्राच्या कायद्याखाली आणि दारूबंदीचा राज्याच्या कायद्याखाली. तरी जुन्नरला किंवा घोडेगावला दोन्ही एकाच दंडाधिकाऱ्यापुढे चालतात. सामान्य पक्षकाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय.

परंतु राज्याराज्यांतच तंटा उद्भवला तर? घटनेच्या १३१व्या कलमान्वये असा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल होतो. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये हाच मार्ग धरला. नद्यांच्या पाण्याचा तंटा मात्र २६२व्या कलमाने आणि १९५६च्या कायद्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवून लवादाकडे सोपविला आहे. कुकडी, मीना आणि घोड यांचे पाणी भीमेतून कृष्णेला मिळते. त्यामुळे डिंभे आणि माणिकडोह येथे अडविलेले पाणी कृष्णेच्या हिशेबातच धरले जाते. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. २००४ मध्ये दुसरा लवाद आला, २०१० मध्ये त्याचा निवाडाही झाला. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली आणि प्रकरण वर्षानुवर्षे रखडले. न्यायालयाला समोरच्या दाराने मज्जाव केला, तर ते विशेष अनुमती अर्जाच्या खिडकीतून आत आले!

अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या पाण्यासाठी अॅरिझोनाने कॅलिफोर्नियाविरुद्ध १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच दावा लावला. न्यायालयाने विशेष अधिकाऱ्याकरवी पुरावा घेतला आणि १९६३ मध्ये निकाल दिला. अकरा वर्षे काही थोडी नव्हेत. तथापि, निकाल देणारे आणि पुढे हुकूमनाम्यात दुरुस्ती करणारे न्यायालय एकच राहिले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने विलंबापेक्षा अनिश्चितता महाग पडते. वाट्याचे पाणी नक्की नसेल तर कालव्यावर किती खर्च करावा हे सरकारला ठरविता येत नाही, आणि ऊस लावावा की ज्वारी पेरावी हे शेतकऱ्याला. आंबेगाव-जुन्नर आणि खालचे श्रीगोंदे, कर्जत, करमाळा यांच्यातील ओढाताण राज्याच्या आतली असल्यामुळे ती लवादापुढे जात नाही. पण राज्याचा एकूण वाटाच अधांतरी असला म्हणजे तीही विकोपाला जाते.

एकच कायम लवाद आणि निकालाला मुदत अशी तरतूद असलेले विधेयक लोकसभेने २०१९ मध्ये मंजूर केले होते. राज्यसभेत ते पुढे सरकले नाही. त्यात लवादाच्या निवाड्यावर सर्वोच्च न्यायालयाकडे एकच, मुदतबंद अपील जोडून ते पुन्हा आणावे, आणि त्यासाठी आग्रह धरण्यात कृष्णाखोऱ्यातील खासदारांनी पक्षभेद बाजूला ठेवावेत.