जखमी शिपायाचें देणें

नोकरी करतांना ज्याचें शरीर कामास आलें, त्याचा चरितार्थ चालविणें ही सरकारची मेहेरबानी नव्हे. तें कर्ज होय. हें तत्त्व सरकार विसरतें, याचीं उदाहरणें फार दूर शोधावयास नकोत.

सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर १९६५ सालच्या युद्धांत गोळ्या लागून पंगु झाले. त्यांनींच १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें अपंगांच्या ऑलिंपिकांत पोहण्याचें सुवर्णपदक जिंकिलें. पद्मश्री मिळावयास मात्र २०१८ साल उजाडलें! नामांकिताच्या गौरवासच इतका विलंब, तर अनामिकाच्या हक्काची गत काय?

धर्मवीर सिंग नांवाच्या शिपायास ९ वर्षांच्या नोकरीनंतर १९९४ सालीं अपस्मारामुळें घरीं पाठविण्यांत आलें. विकार उपजत आहे, असें सांगून अपंगत्वाचें पेन्शन नाकारलें. सर्वोच्च न्यायालयानें २ जुलै २०१३ रोजीं बजावलें कीं, भरतीच्या वेळीं विकाराची नोंद नसेल तर प्रकृति नोकरीमुळेंच बिघडली असें गृहीत धरावें. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. एवढ्या सरळ न्यायास १९ वर्षें लागलीं!

आमच्या शहापूर-मुरबाडच्या पेठेंतील व्यापारी सकारलेली हुंडी नाकारील, तर त्याची पत एका दिवसांत बुडेल. मग शरीर पारखून घेतलेल्या शिपायाचें देणें नाकारणाऱ्या सरकारची पत कशी राहावी? ७ डिसेंबरच्या ध्वजदिनीं नागरिक वर्गणी देतात, तें उचितच आहे. परंतु वर्गणी ही प्रजेची कृतज्ञता होय. तिनें सरकारचें कर्ज फिटत नाहीं.