कासच्या वाटेवरची रांग

सप्टेंबरातल्या रविवारी कासला जायचं असेल तर उजाडायच्या आत सातारा सोडा, असं इथला माणूस पाहुण्याला बजावून सांगतो. आठ वाजले की खेळ संपला. महामार्गावरून आत आलेली गाडी पोवई नाक्यावर पोचते, तिथून राजपथाने मोती चौक, मग राजवाडा, मग समर्थ मंदिर. कासकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या गावाच्या पोटातून याच ओळीने जातात. त्यात भाद्रपद असतो. राजपथावर मांडव पडलेले, पेठेत सणाची गर्दी, आणि मधूनच एमएच १२, एमएच १०, एमएच ०९ अशा पाट्यांच्या गाड्यांची रांग. पुण्याचे, सांगलीचे, कोल्हापूरचे लोक खिडकीतून एकच प्रश्न विचारतात, कास कुठून?

पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र येतात. तिथली कोंडी फोडायला साताऱ्याने काही वर्षं खोदकाम सोसलं, दुकानदारांनी धूळ खाल्ली, आणि जानेवारी २०२१ मध्ये जमिनीखालून जाणारा ग्रेड सेपरेटर खुला झाला. नाक्यावरचा ताण त्याने हलका केला. पण नाका मोकळा झाला म्हणून पुढचा घाट रुंद होत नाही. समर्थ मंदिराच्या पुढे, बोगद्याच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वर वळतो आणि यवतेश्वरचा घाट सुरू होतो. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला दरी आणि खाली पसरलेलं गाव. पावसाळ्यात या कातळातून दगड सुटतात, कधी दरडच येते. समोरून एसटी आली की वळणावर एकाला थांबावंच लागतं. एसटीवाला सराईत असतो. तो हॉर्न देतो, इंच-इंच पुढे घेतो, हाताने खूण करतो. घाटाची सवय नसलेला मात्र मध्येच उभा राहतो, आणि त्याच्यामागे पेठेपर्यंत गाड्या साचत जातात.

घाट चढला की यवतेश्वर. मग सांबरवाडी, पेट्री, अनावळे, आटाळी अशी गावं रस्त्याच्या आसपास लागतात आणि पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार येतं. सातारा आणि जावळी या दोन तालुक्यांच्या शिवेवरचा, सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा हा सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट माथं. वर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. उन्हाळ्यात इथे उभं राहिलं तर करपलेल्या तव्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. पाऊस लागला की याच दगडाच्या खळग्यांत पाणी साचतं, आणि त्या पाण्यावर, त्या चिमूटभर मातीवर अख्खी सृष्टी उगवते. फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत.

गुडघे टेकून बसल्याशिवाय कास दिसत नाही. उभ्याने दिसतो तो नुसता रंग. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा. खाली बसलं की सीतेची आसवं दिसतात. निळं-जांभळं, नखाएवढं फूल. खाली ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं, कारण या मातीत त्याला पोटापुरतं अन्न मिळत नाही. शेजारी दवबिंदू असतो, पानावरच्या केसांना चिकट थेंब लावून किड्याची वाट बघणारा. डबक्यात वायतुरा उभा असतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावातच सातारा घातला आहे. एक पाऊल चुकीच्या जागी पडलं तर यातलं किती चिरडतं हे वरून कळत नाही. पुढच्या वर्षी तिथे टक्कल दिसतं, तेव्हा कळतं.

१ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातल्या ३९ ठिकाणांपैकी चार महाराष्ट्रात आहेत. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कास आणि कोयना साताऱ्याची, चांदोलीत सांगलीच्या शिराळ्याचाही वाटा. या मानाचं काय करायचं हा प्रश्न मात्र गावांवर आणि वनखात्यावर एकदम येऊन पडला. आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या एकत्र आल्या. प्रवेशशुल्क आलं, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, वेळेचे टप्पे आले. गाड्या पठारापासून लांब वाहनतळावर लावायच्या आणि तिथून समितीच्या बसने यायचं, अशी सोय झाली. गावच्या पोरांना हंगामात काम मिळालं. मला हे सगळं फार मोलाचं वाटतं. माणसं मोजायला आपण इथे शिकलो. हे पठार किती पावलं सोसेल असा प्रश्न कुणीतरी विचारला, त्याचं उत्तर आकड्यात काढलं, आणि फाटकावर उभं राहून तो आकडा पाळायचा प्रयत्न केला.

हाच प्रश्न रस्त्याच्या बाबतीत कुणी विचारला नाही. फाटकाच्या आत तीन हजार, पण फाटकापर्यंतच्या पंचवीस किलोमीटरांत किती खोल्या, किती हॉटेलं, किती तंबू, आणि त्यांच्यासाठी घाट चढणाऱ्या किती गाड्या, याची मर्यादा कुठल्याच कागदावर नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत यवतेश्वर ते कास या पट्ट्यात जमिनीचे भाव चढले, गुंठ्यांनी तुकडे पडले आणि उतारावर इमले उभे राहिले. काही परवानगीने, बरेच तिच्याविना. महसूल खात्याने विनापरवाना बांधकामांना नोटिसा काढल्या. निसर्गप्रेमींनी पाडण्याची मागणी केली, व्यावसायिकांनी आणि काही लोकप्रतिनिधींनी ती नियमित करा म्हटलं. हा वाद दर एक-दोन वर्षांनी पुन्हा पेटतो आणि पावसाळा आला की विझल्यासारखा होतो.

तो असा लोंबकळत का राहतो, हे कायदा उघडल्यावर समजतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यातल्या कलम ५३ खाली विनापरवाना बांधकामाला नोटीस निघते. पण ज्याला नोटीस आली तो बांधकाम कायम ठेवण्यासाठी रीतसर परवानगीचा अर्ज करू शकतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. पुढे अपील आहे, कोर्ट आहे. ही तरतूद वाईट नाही, भिंत चार फूट चुकली म्हणून कुणाचं घर पाडलं जाऊ नये यासाठी ती हवीच. पण घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टला तीच तरतूद हंगामामागून हंगाम मिळवून देते.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. याच कायद्यात एखादी विकास योजना तयार होताना तिचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. तेव्हा कुणीही बोलू शकतो. पण एकेका इमारतीच्या परवानगीचा अर्ज आला, तर शेजाऱ्याला किंवा गावाला कळवून त्यांचं म्हणणं घेण्याची सक्ती नाही. अर्ज जातो, छाननी होते, नकाशा मंजूर होतो. गावाला कळतं ते जेसीबी आल्यावर. म्हणजे आराखड्याच्या वेळी जो गप्प बसला, त्याची बोलायची वेळ पुढची वीस वर्षं गेलीच. आणि आराखडा असतो मोठ्या कागदावर, रंगीत पट्ट्यांचा, गट नंबरांच्या मुंग्यांनी भरलेला. पेट्रीच्या शेतकऱ्याने त्यात आपला तुकडा शोधायचा, हिरवा आहे की पिवळा ते बघायचं, आणि उद्या या रंगामुळे माझ्या दारावरून किती गाड्या जातील हे ओळखून, मुदतीत, लेखी हरकत द्यायची.

असा आराखडा नुकताच येऊन गेला. शासनाने २०१९ मध्ये सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्प म्हणतात तो हाच. २०२४ मध्ये त्याचा प्रारूप आराखडा हरकतींसाठी खुला झाला, आणि पुढे आणखी २९४ गावं त्याला जोडली गेली. जुन्या महाबळेश्वरवरचा भार हलका करायचा, कोयनाकाठच्या खेड्यांना रोजगार द्यायचा, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. हेतूशी माझं भांडण नाही. कोयना धरणात या लोकांची गावं गेली आणि उरलेल्यांच्या वाट्याला मुंबईची हमाली आली. पोरं परत येणार असतील तर रोजगार इथे हवाच.

पण जुन्या महाबळेश्वरचा धडा त्याच जिल्ह्यात, डोंगरापलीकडे आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला. उंचीवर बंधन, झाडावर बंधन, देखरेखीला उच्चस्तरीय समिती. एवढं असूनही सुट्टीत पसरणीच्या घाटात आणि वेण्णा तलावापाशी गाड्या तासन्‌तास हलत नाहीत. बंधनं इमारतीवर होती. इमारतीमागे येणाऱ्या गाडीचा विचार तिथेही मागाहूनच आला.

सांगलीचं उदाहरण इथे मुद्दाम देतो. कृष्णेच्या काठी पूररेषा आखलेल्या असतात. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचं तर अटी पाळून. ही शिस्तही पुरती पाळली गेली नाही. सखल भागांत वस्त्या झाल्या, आणि २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी पाणी घरांत शिरलं. तरीही रेषा आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. नदी किती चढली हे मोजायची पट्टी आहे, म्हणून निदान भांडता येतं. अमुक प्लॉट रेषेच्या आत आहे असं बोट ठेवून म्हणता येतं. यवतेश्वरच्या घाटाला अशी पट्टी नाही. तासाला किती गाड्या चढल्या म्हणजे इशारा, किती चढल्या म्हणजे धोका, कुणी ठरवलेलं नाही. मग हॉटेलच्या नकाशावर हरकत घ्यायची ती कशाच्या आधारावर? फार गर्दी होते, एवढंच गावकरी म्हणू शकतो, आणि कार्यालयात त्या वाक्याला वजन नसतं.

गर्दी म्हणजे काय, ते पाहुण्याला आणि गावकऱ्याला वेगवेगळं कळतं. पाहुण्याचे दोन तास जातात. कासच्या पुढे बामणोलीपर्यंत, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठापर्यंत जी गावं आहेत, त्यांना दवाखाना, तहसील, बाजार, कॉलेज, सगळ्यासाठी साताराच गाठावं लागतं. त्यांच्या दृष्टीने हा फुलांचा रस्ता नव्हे, रोजचा रस्ता आहे. शनिवार-रविवारी रुग्ण घेऊन निघायचं झालं तर आधी कासच्या गर्दीतून, मग घाटातून, मग राजपथावरून. समोरून येणाऱ्या रांगेला सायरन ऐकू गेला तरी सरकायला जागा नसते. दरीकडेला तर नसतेच. म्हणून या गावांचा माणूस रस्ता रुंद करा म्हणतो. त्याचं म्हणणं मला पटतं. पण रुंद रस्त्याने आणखी गाड्या येतात आणि आणखी इमले उभे राहतात, हेही मी याच पट्ट्यात बघतो आहे.

पाण्याचा हिशेबही यातच आहे. पठाराच्या कडेचा कास तलाव ब्रिटिश काळातला, साताऱ्याला पाणी पाजणारा. गाव वाढलं, २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी-विलासपूरसारखी उपनगरं नगरपालिकेत आली, आणि धरणाची उंची वाढवून साठा कित्येक पटींनी मोठा केला गेला. बामणोलीकडचा जुना रस्ता त्या वाढीव पाण्याखाली जाणार म्हणून नवा वळवून काढावा लागला. उरमोडी नदीही याच अंगाला उगम पावते. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपतो आणि खाली झऱ्यांना फुटतो. यवतेश्वरच्या वर काय बांधलं जातं आणि त्याचं सांडपाणी कुठे जातं, याचा संबंध खालच्या नळाशी आहे. तरी तलाव नगरपालिकेचा, पठार वनखात्याचं, रस्ता बांधकाम खात्याचा, जमीन महसूलच्या नोंदीत, घराचा दाखला ग्रामपंचायतीकडे आणि आराखडा महामंडळाचा. हे सगळे एका टेबलाशी बसून एकच आकडा मान्य करत नाहीत, तोवर एकेकाची परवानगी आपापल्या जागी बरोबरच असणार आहे.

माझी मागणी साधी आहे. यवतेश्वरच्या वर कुठलाही नवा नकाशा मंजूर होण्याआधी घाटातली वाहनं मोजा. हंगामातल्या चार रविवारी आणि बिनहंगामातल्या चार, सकाळपासून रात्रीपर्यंत. तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पन्नास खोल्यांचा अर्ज आला तर त्याने किती गाड्या वाढतील ते त्याच फलकावर अर्जासोबत लिहा, आणि गावाला महिनाभर बोलू द्या. ज्या घरात शेतकरी स्वतः राहतो आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतो, त्याला या चक्रातून सोडवा. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने त्याच्यासाठी दार उघडलं आहे, ते उघडंच राहू दे. बाहेरून येऊन अख्खा उतार कापणाऱ्याला मात्र आधी घाटाचं माप दाखवा. पठारावर तीन हजार माणसं मोजता आली, तर घाटात गाड्याही मोजता येतील.

पठारावर कुमुदिनी तळ्याकडे जाणारी जुनी वाट आहे, राजमार्ग म्हणतात तिला. या वाटेवर गाड्या नेत नाहीत. दोन्ही बाजूंना गेंदाची पांढरी बोंडं वाऱ्याने डुलत असतात आणि चालणाऱ्याला आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. तळ्यावर पांढरी, झालरीच्या पाकळ्यांची फुलं पसरलेली असतात. संध्याकाळी परत फिरलं की पठार संपता-संपता पहिला हॉर्न कानावर येतो.

अंधार पडला की साताऱ्यातल्या गच्च्यांवरून यवतेश्वरचा डोंगर नुसता काळा दिसतो, आणि त्याच्या अंगावर दिव्यांची एक वाकडी ओळ उमटते. रविवारी रात्री ती ओळ बराच वेळ जागची हलत नाही.