दहा माणसे जमली नाहीत तर ज्यूंची प्रार्थना कशी होते?

समजा, जळगाव किंवा धुळ्यात एकच ज्यू कुटुंब राहते आणि आज वडिलांचा स्मृतिदिन आहे. मुलाला घरी कद्दिश म्हणता येईल? परंपरेप्रमाणे नाही. त्यासाठी ‘मिन्यान’ लागतो, म्हणजे १३ वर्षे पूर्ण झालेले किमान १० पुरुष. नऊ जमले तरी चालत नाही.

शमा आणि अमिदा एकट्यानेही म्हणता येतात. सिनेगॉगमधले तोराचे जाहीर वाचन आणि कद्दिश मात्र अडते. गंमत म्हणजे, मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या कद्दिशमध्ये मृत्यूचा उल्लेखच नाही. ती देवाची स्तुती आहे, आणि ती चारचौघांत, खरे तर दहांतच करायची.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजातले बहुतेक जण १९४८ नंतर इस्राएलला गेले. अलिबागचे मागेन अबोथ सिनेगॉग उभे आहे, आजूबाजूला कुटुंबे मोजकीच उरली आहेत. खानदेशातल्या माणसाने रेल्वेने ठाणे गाठावे, तिथे १८७९चे शाआर हाशामाइम आहे. दिल्लीच्या ज्युडा हयाम सिनेगॉगने वेगळी वाट काढली: तिथे मिन्यानमध्ये स्त्रियाही मोजतात. सनातनी ज्यूंना ते मान्य नाही.