त्रिनिदादची प्रेक्षणीय स्थळे आणि त्यांमागचे हात

‘वेस्ट इंडीज’ हे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानांवर प्रथम पडते ते बहुधा क्रिकेटमुळे. वस्तुतः वेस्ट इंडीज हा एक देश नव्हे. उत्तर व दक्षिण अमेरिकेच्या मध्ये जो कॅरिबियन समुद्र पसरलेला आहे, त्याच्या कडेने बेटांची एक लांब माळ धनुष्याच्या कमानीसारखी वळत गेली आहे. तिला हे नाव मिळाले ते कोलंबसच्या गैरसमजामुळे. हिंदुस्थानचा मार्ग शोधीत निघालेला हा दर्यावर्दी १४९२ साली या बेटांपाशी येऊन ठेपला आणि आपण हिंदुस्थानच्याच परिसरात आलो, अशी त्याने समजूत करून घेतली. योगायोग असा, की सुमारे साडेतीनशे वर्षांनंतर या बेटांवर खरोखरीचे हिंदी लोक जाऊन वसले. या माळेतील त्रिनिदाद नावाच्या बेटाचा व तेथील पाहण्याजोग्या स्थळांचा अल्प परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्रिनिदाद हे माळेच्या अगदी दक्षिण टोकाचे बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या गोव्याहून ते काहीसे मोठे. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशाचा किनारा येथून इतका जवळ आहे, की मधल्या समुद्राची रुंदी एके ठिकाणी जेमतेम ११ किलोमीटर भरते. ३१ जुलै १४९८ रोजी कोलंबसला हे बेट दिसले, आणि ख्रिस्ती धर्मातील त्रैक्यावरून त्याने त्याचे नाव ठेवले. बेटावर मूळचे रहिवासी होतेच. त्यांनी दिलेले नाव मात्र नकाशावर राहिले नाही. पुढे जवळजवळ तीन शतके स्पेनची सत्ता चालली. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी शेजारच्या टोबॅगो बेटासह ते स्वतंत्र झाले.

प्रवासी मंडळी एखाद्या देशी गेली म्हणजे तेथील किल्ले, वाडे व देवालये पाहतात, त्यांची उंची व वय विचारून घेतात आणि पुढे जातात. आमचे विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे, की अशा प्रत्येक स्थळापाशी आणखी एक प्रश्न विचारावा : हे कोणाच्या हातांनी उभे राहिले? त्रिनिदादमध्ये हा प्रश्न विचारला, तर सारे बेट निराळेच दिसू लागते.

प्रथम निसर्गाने दिलेली स्थळे घेऊ. बेटाच्या नैऋत्य भागात ला ब्रेआ या गावी डांबराचे एक सरोवर आहे. सुमारे १०० एकर विस्ताराच्या या सरोवरात पाण्याऐवजी नैसर्गिक डांबर भरलेले आहे, आणि जगातील अशा साठ्यांत हा सर्वांत मोठा मानला जातो. वरून ते कठीण व सुरकुतलेले दिसते. बहुतेक ठिकाणी त्यावरून माणसे खुशाल चालतात. तथापि ते स्थिर नाही. जमिनीच्या पोटातून डांबर संथपणे वर येत राहते, आणि एके जागी खणून काढलेला खड्डा काही काळाने आपोआप भरून येतो. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले हा इंग्रज दर्यावर्दी येथे आला असता त्याने या डांबराने आपल्या गलबतांच्या फटी बुजविल्या. पुढे हे डांबर दूरदूरच्या शहरांतील रस्त्यांवर अंथरले गेले. गुळगुळीत रस्त्यावरून जाणाऱ्यास ते कोठल्या बेटावरून आले आणि उन्हात उभे राहून ते कोणी खणले, याची वार्ताही नसते.

दुसरे स्थळ कॅरोनीची पाणथळ. खारफुटीच्या दाट झाडीतून होडीने हिंडावयाचे आणि सूर्यास्ताची वाट पाहावयाची, असा येथील परिपाठ आहे. सायंकाळी शराटीच्या जातीचे लालभडक पक्षी थव्याथव्यांनी वस्तीला परततात व हिरवी झाडे पाहता पाहता तांबडी होऊन जातात. या पक्ष्यांची पिल्ले जन्मतः लाल नसतात. लहान खेकडे व कोळंबीसारखे जीव खाऊन त्यांतील रंगद्रव्य अंगात भिनते, तेव्हा पिसांना हा वर्ण चढतो. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी असून देशाच्या बोधचिन्हावरही त्याला स्थान मिळाले आहे.

आता माणसांनी उभारलेल्या वास्तूंकडे वळू. पोर्ट ऑफ स्पेन ही बेटाची राजधानी. शहरामागच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फूट उंचीवर, फोर्ट जॉर्ज नावाचा किल्ला आहे. फ्रेंच व स्पॅनिश आरमारांच्या भीतीने इंग्रजांनी तो १८०४ मध्ये बांधला. तोफा चढविल्या, तट उभारले. पण शत्रू कधी आलाच नाही. त्या काळी बेटावरची अवजड कामे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. किल्ल्यावरील लाकडी निशाण-ठाण्याची कथाही अशीच विचार करावयास लावणारी आहे. पश्चिम आफ्रिकेतील अशांटी राज्याचा इंग्रजांनी पराभव केला, आणि तेथील राजपुत्र कोफी न्टी पुढे त्रिनिदादमध्ये आला. १८८३ मध्ये बांधलेल्या या टुमदार ठाण्याचा आराखडा त्याने केला, असे सांगतात. आपले राज्य ज्यांच्याकडून हरले, त्यांच्याच किल्ल्यासाठी त्या राजपुत्राने घर आखून दिले!

शहराच्या मध्यभागी क्वीन्स पार्क सवाना नावाचे विस्तीर्ण हिरवे मैदान आहे. त्याच्या एका कडेला विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या सात भव्य इमारती ओळीने दिसतात. कोणी स्कॉटलंडमधील गढीसारखी, तर कोणी फ्रेंच हवेलीसारखी. त्यांतील कित्येक घरांमागे कोको व साखरेच्या व्यापारातून आलेला पैसा होता. त्या ओळीतच घड्याळाचा मनोरा असलेली क्वीन्स रॉयल कॉलेज ही शाळा आहे. तिची ही इमारत १९०४ मधील. या शाळेत शिकलेल्या एरिक विल्यम्स यांनी पुढे इतिहासाचा व्यासंग केला आणि १९४४ मध्ये ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले, की इंग्लंडच्या औद्योगिक भरभराटीस गुलामांच्या घामाने मोठे भांडवल पुरविले. हेच विल्यम्स स्वतंत्र त्रिनिदादचे पहिले पंतप्रधान झाले आणि त्या सातांपैकी एका हवेलीत त्यांचे कार्यालय आले. ज्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या श्रीमंतीचा उगम शोधला, तोच पुढे त्या श्रीमंतीच्या दिवाणखान्यात देशाचा कारभारी म्हणून बसला.

याच शाळेत शिकलेले दुसरे विद्यार्थी म्हणजे २००१ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल. त्यांचे घराणे मूळचे हिंदी. हिंदी माणसे येथवर कशी पोहोचली, हे कळण्यासाठी शहर सोडून समुद्रातील एका लहानशा खडकाळ बेटावर गेले पाहिजे. त्याचे नाव नेल्सन आयलंड.

१ ऑगस्ट १८३४ रोजी इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने रद्द झाली. परंतु ‘उमेदवारी’च्या नावाखाली बांधलेली माणसे खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती १ ऑगस्ट १८३८ रोजी. उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. ते आणण्यासाठी मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे हिंदी माणसांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. प्रवासास तीन महिन्यांहून अधिक काळ लागला होता. या मजुरांना ठराविक वर्षांच्या करारावर अंगठा उठवावा लागे. ‘ॲग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचा त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला, आणि ते ‘गिरमिटिया’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार हिंदी माणसे या एका बेटावर आली. त्यांत बिहार व उत्तर प्रदेशातील लोकांचा भरणा अधिक होता. बहुतेक जण पुन्हा मायदेशी परतले नाहीत.

१८६६ पासून या मजुरांना प्रथम नेल्सन आयलंडवर उतरवीत. तेथे त्यांची वैद्यकीय तपासणी होई, आजाऱ्यांना वेगळे ठेवीत, नोंदवह्यांत नाव, गाव, जात व जहाज यांची टिपणे होत, आणि मग मळ्यामळ्यांवर वाटणी होई. त्या बेटावर पाहण्यासारखे म्हणावे तर फारसे काही नाही : साध्या भिंती, मोकळ्या खोल्या आणि चोहीकडे समुद्र. परंतु ज्यांचे पणजोबा या दारातून आत गेले, ते आज येथे येतात तेव्हा त्यांचा आवाज खाली येत असेल, यात आम्हांस शंका वाटत नाही. गिरमिटियांच्या त्या नोंदी आज मोलाच्या ठरल्या आहेत. २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात त्यांचा समावेश केला. ज्या कारकुनांनी मजुरांची मोजदाद व्हावी एवढ्याचसाठी त्या वह्या लिहिल्या, त्यांच्या अक्षरांतच आज कित्येक कुटुंबांना आपल्या पूर्वजांचे गाव सापडते.

येथून जवळच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉटरलू नावाचे गाव आहे. तेथे समुद्रात एक देऊळ उभे आहे. ते उभारणारा सिवदास साधू हा उसाच्या मळ्यावरचा एक साधा मजूर होता. लहानपणी तो आईबापांबरोबर हिंदुस्थानातून आला होता. १९४७ च्या सुमारास त्याने किनाऱ्यावर स्वहस्ते एक लहान देऊळ बांधले. पण ती जमीन साखर कंपनीच्या मालकीची होती. खटला झाला, त्याला १४ दिवस तुरुंगात राहावे लागले, आणि देऊळ पाडून टाकण्यात आले. तेव्हा त्याने मनाशी असा विचार केला, की जमिनीला मालक आहे, समुद्राला तर नाही! ओहोटीच्या वेळी तो सायकलीवरून दगड, विटा व सिमेंट नेई आणि चिखलात टाकी. दिवसभर मळ्यात राबावे आणि उरल्या वेळात समुद्र भरावा, असा क्रम त्याने वर्षानुवर्षे चालविला. १९७१ मध्ये तो वारला. लाटांनी पुढे देवळाची पडझड केली. परंतु गिरमिटियांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली त्या १९९५ साली तेथे नवे देऊळ उभे राहिले. आज भाविक व प्रवासी तेथे जातात, आणि समोरच त्या मजुराचा पुतळा त्यांना पाहावयास मिळतो. फोर्ट जॉर्जच्या दगडांवर ज्यांचे नाव नाही, त्यांच्यासारख्याच एका माणसाचे नाव या दगडांनी मात्र राखून ठेविले आहे.

आता क्रिकेटप्रेमी वाचकांसाठी एक स्थळ. क्वीन्स पार्क ओव्हल हे राजधानीतील मैदान डोंगरांच्या पायथ्याशी आहे. मार्च १९७१ मध्ये येथे अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजवर कसोटीत पहिला विजय मिळविला. सुनील गावसकर यांची ती पहिलीच कसोटी. त्यांनी ६५ व नाबाद ६७ धावा केल्या. आणि त्या सामन्यात ११२ धावांची खेळी करणारे दिलीप सरदेसाई हे आमच्या मडगावचे सुपुत्र! त्याच दौऱ्यात त्याच मैदानावर गावसकरांनी एका सामन्यात १२४ व २२० धावा काढल्या, तेव्हा लॉर्ड रिलेटर नावाच्या त्रिनिदादच्या गायकाने त्यांच्यावर गीत रचिले. पाहुण्या फलंदाजावर यजमानांनी गाणे रचावे, ही त्या बेटाच्या मनाची थोरवी होय.

या बेटावरच्या हिंदी वंशजांनी दिवाळी, रामायण, पोळी व डाळ ही जपली. पण त्यांच्या पूर्वजांची भोजपुरी बोली मात्र आज काही वृद्धांच्या ओठांवरच उरली आहे. शाळेत तिला जागा नव्हती. देऊळ पडले तर पुन्हा बांधता येते, परंतु भाषेला तसा सायकलीवरून दगड वाहणारा साधू मिळणे कठीण. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांनी ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

विद्यार्थिमित्रहो, त्रिनिदादला जाण्याचा योग सर्वांनाच येईल असे नाही. पण आपल्या गावातही किल्ले आहेत, तळी आहेत, देवळे व चर्चे आहेत, मिठागरे व बांध आहेत. येत्या सुटीत त्यांपैकी एखाद्या स्थळी जाल, तेव्हा ते कोणत्या राजाने किंवा गव्हर्नराने बांधविले हे तर विचाराच. पण तेथेच थांबू नका. दगड कोणी वाहिला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आणि मिळालेले उत्तर वहीत उतरून ठेवा. पुढच्या पिढीला कदाचित तुमच्या त्या वहीतूनच आपले गाव सापडेल.