गांजाविषयी लोकमत घ्यायचे, पण विचारायचे काय?

उज्जयिनीत महाकाळाला भांगेचा शृंगार चढतो. मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत आणि होळीला थंडाईचा पेला पुढे करणाऱ्यास कोणी गुन्हेगार समजत नाही. तोच गृहस्थ खिशात गांजाची पुडी घेऊन सापडला, तर मात्र त्याला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झाड एकच, पण फुलोऱ्याला एक न्याय आणि पानाला दुसरा. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने शेंड्यांवाचूनची पाने व बी गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत, त्यामुळे हा भेद पडला आहे.

गांजावरील बंदी उठवावी, असे म्हणणारे आज आहेत. ती अधिक कडक करावी, असे म्हणणारेही आहेत. दोन्ही पक्ष लोकमताचा हवाला देतात. पण लोकमत म्हणजे विहिरीतले पाणी नव्हे, की पोहरा सोडला आणि भरून आला. ते कसे विचारावे, याचेही एक शास्त्र आहे.

अमेरिकेतील उदाहरण पाहा. तेथील गॅलप संस्था १९६९ पासून एकच साधा प्रश्न विचारत आली आहे : गांजाचे सेवन कायदेशीर करावे की नाही? १९६९ मध्ये शेकडा १२ लोकांनी होकार दिला, २०२३ मध्ये शेकडा ७० लोकांनी. प्यू या दुसऱ्या संस्थेने २०२४ च्या आरंभी उत्तरांचे तीन पर्याय ठेवले. औषधासाठी व करमणुकीसाठीही कायदेशीर असावा, असे ५७ टक्के म्हणाले. फक्त औषधासाठी असावा, असे ३२ टक्के. आणि मुळीच नको, असे ११ टक्के. देश तोच, काळही जवळजवळ तोच. परंतु मधला पर्याय मिळताच पुष्कळांनी तो उचलला. मग सत्तर खरे की सत्तावन्न? दोन्ही खरे. फक्त ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

असा विचार आपल्या देशात फार पूर्वी झाला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गांजाबद्दल चर्चा झाल्यावर १८९३ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे कमिशन नेमले गेले. आपल्या शेजारच्या खांडव्याला त्या काळी सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे. अहमदनगर व सातारा जिल्ह्यांतही त्याची लागवड होती. कमिशनने सत्तर प्रश्नांची यादी तयार केली आणि ११९३ साक्षीदारांची साक्ष घेतली.

त्या यादीतील पहिलाच प्रश्न मार्मिक आहे : या विषयाची माहिती मिळवण्याची संधी तुम्हाला कशी मिळाली? मत विचारण्याआधी मताचे मूळ विचारले गेले. त्यानंतर भांग, गांजा आणि चरस यांच्या व्याख्या देऊन, त्या तुमच्या प्रांतात लागू पडतात काय आणि प्रत्येकाला तिकडे कोणते नाव आहे, असे विचारले. आजच्या प्रश्नावलीत हे दोन प्रश्न नसतील, तर घरातील आजीबाई भांगेच्या गोळीचा विचार करून उत्तर देतील, नातू चित्रपटातील धुराचा विचार करून देईल, आणि दोन्ही उत्तरे एकाच रकान्यात पडतील.

कमिशनने ऐकीव गोष्टींचीही झाडाझडती घेतली. गांजाने वेड लागते, हा समज वेड्यांच्या इस्पितळांतील आकड्यांवर उभा होता. तपासाअंती दिसले, की रोग्याला आणणाऱ्या पोलिसाने कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ लिहावे आणि इस्पितळाने तेच वहीत उतरवावे, असा प्रकार सर्रास चाले. १८९२ मधील १३४४ रोग्यांपैकी ज्यांच्या वेडाशी या पदार्थांचा संबंध संभवतो, असे फक्त ९८ निघाले. १८९४ च्या अहवालात कमिशनने संपूर्ण बंदीऐवजी कर आणि नियंत्रण यांची शिफारस केली. तथापि त्याच्या कामात एक उणीव राहिलीच. साक्षीदारांत अधिकारी, डॉक्टर, जमीनदार यांचा मोठा भरणा होता. बायकांचे आणि मजुरांचे मत त्या मानाने फार थोडे उमटले.

कोणाला विचारावे, हा प्रश्न संख्येने सुटत नाही. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या, तरी अध्यक्षाच्या निवडणुकीचे त्याचे भाकीत साफ कोसळले. कारण पत्ते मुख्यतः टेलिफोन व मोटार बाळगणाऱ्यांचे होते आणि उत्तरे पाठवली ती हौस असणाऱ्यांनी. चौकाचौकात उभे राहून दहा हजार उत्तरे गोळा करण्यापेक्षा मतदारयादीतून चिठ्ठी टाकून निवडलेली हजार घरे बरी.

राहिला भयाचा प्रश्न. ‘तुम्ही स्वतः ओढता काय?’ असे विचारल्यास कोण खरे सांगेल? यावरच्या युक्तीचा पाया स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये घातला. तिचा एक सोपा प्रकार असा : उत्तर देणाऱ्याने फासा लपवून टाकावा, एक पडल्यास ‘हो’ म्हणावे, सहा पडल्यास ‘नाही’, एरवी खरे बोलावे. सहाशे जणांत सुमारे शंभर ‘हो’ केवळ फाशाचे असतील आणि सुमारे चारशे जण खरे बोललेले असतील. एकूण १८० होकार आले, तर शंभर वजा करून उरलेले ऐंशी त्या चारशेंतले, म्हणजे शेकडा वीस. कोणा एकाचे गुपित फुटत नाही आणि समाजाचे चित्र मात्र उमटते.

पुडीपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा मुलगा आणि व्यसनी मुलापायी रात्र रात्र जागणारी आई, या दोघांनाही या प्रश्नावर बोलण्याचा हक्क आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोनच रकान्यांत त्यांचे म्हणणे मावणार नाही. कायदा बदलो वा न बदलो, उद्या कोणी लोकमताचा आकडा पुढे केला, तर वाचकांनी आधी एवढेच विचारावे : प्रश्न नेमका काय होता आणि तो कोणाला विचारला?